अर्धा पेला दूध

३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण बिघडली तरी तुम्ही कळवत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलायला आवडत नाही, म्हणून हे पत्र. आमच्याकडे सध्या एक तमाशा चालू आहे. त्यात तुमची मदत हवी आहे.

तुमचा भाचा आणि आमची सूनबाई या दोघांनी खारूला ऑपरेशन थिएटरात न्यायचं ठरवलंय. खारू म्हणजे नात. खारीसारखं दिसेल ते कुरतडते म्हणून मीच हे नाव ठेवलं. आता साडेचार वर्षांची आहे. घाबरू नका, हृदयाला भोक नाही की पोटात गाठ नाही. दात किडलेत. दुधाचे दात! जे आज ना उद्या आपणहून पडणार, ते दुरुस्त करायला पोरीला पूर्ण भूल देऊन झोपवणार. म्हणजे उद्या पाडायच्या भिंतीला आज रंग द्यायचा, आणि तोही घरातल्यांना बेशुद्ध करून.

दातांची डॉक्टर म्हणजे एक चिमुरडी बाई. दवाखान्याच्या भिंतीवर हसणारे हत्ती. हत्तींच्या तोंडात माणसाचे दात रंगवलेत, यावरूनच काय ते ओळखा. तिने खारूच्या तोंडात आरसा घातला, खारू तिच्या बोटाला चावली. लगेच म्हणाली, "आठ दात किडलेत, दोन मुळापर्यंत. जागेपणी ही करू देणार नाही. भूल देऊन सगळं एकदमच करू." बोट चावल्याचा राग, दुसरं काय. सूनबाई नुसती मान डोलावत होती. पांढरा कोट दिसला की तिची मान आपोआप हलते. घरी येऊन मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि मला म्हणते, "आई, तिला झोपताना साखरेच्या दुधाची बाटली देऊ नका. त्यानेच झालंय हे." वन्सं, त्याच बाटलीवर मी तिचा नवरा वाढवला. सहा फूट झाला.

तुम्ही एकतीस वर्षं थिएटरात सिस्टर होतात. तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. त्याला दोन ओळी लिहा, की लहान मुलाला भूल देणं धोक्याचं असतं आणि दुधाचे दात पडायचेच असतात. खोटं लिहा असं म्हणत नाही. खरं आहे तेवढंच जरा मोठ्या अक्षरात लिहा.

तुमची
वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार पोचला. दोन ओळी लिहिते, पण तुम्हाला. पहिली: दातांची डॉक्टर बरोबर आहे. दुसरी: सूनबाई बरोबर आहे. इथेच पत्र संपवलं असतं, पण तुम्ही समोरच्याचं अर्धंच ऐकता, म्हणून सविस्तर.

ज्या बाटलीवर माझा भाचा सहा फूट झाला, त्याच बाटलीने त्याचे पुढचे चार दात पहिलीत जायच्या आधी काळे केले होते. फोटो काढताना तुम्हीच त्याला "तोंड मीट" म्हणायचात. अल्बम काढून बघा. हसणारा एक फोटो सापडला तर मला पाठवा.

दुधाचे दात पडतात, खरं आहे. पण मागच्या दाढा दहा-अकरा वर्षांपर्यंत राहतात. तोवर पोरीने काय करायचं? एका बाजूने चावायचं, आणि ती बाजूही दुखायला लागली की नुसतं गिळायचं? मुळाशी पू झाला तर तो तुमचं मत विचारायला थांबत नाही. गालात उतरतो. आणि जागेपणी करायचं म्हणजे काय, तेही मी पाहिलंय. एक जण डोकं धरतो, एक हात, एक पाय, आई बाहेर कान झाकून उभी. आठ दातांसाठी असे पाच-सहा दिवस. पुढे ती पोर मोठी झाली तरी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना थरथरते. तुम्हाला हे हिमतीचं वाटत असेल. मला खाटीकखाना वाटतो.

भुलेत धोका नाही असं मी म्हणणार नाही. धोका असतो, म्हणूनच ते लोक वजन घेतात, छाती तपासतात, शंभर प्रश्न विचारतात. घरच्यांनी एकच गोष्ट सांभाळायची असते. पोट रिकामं. खाणं आणि दूध सहा तास आधी बंद. नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. भुलेत माणसाला गिळायची, खोकायची शुद्ध राहत नाही. पोटात दूध असलं तर ते वर येतं आणि सरळ फुप्फुसात जातं. मूल टेबलावर निळं पडतं. 'जरासं' हा शब्द तिथे चालत नाही. घरात कोणाला माया आवरत नसेल तर त्या दिवशी स्वयंपाकघराला कुलूप घाला. नाव घेत नाही.

तुमची
नणंद


२३ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र वाचलं. सविस्तर होतं. सूनबाईला ते फ्रिजच्या दारावर लावायचं होतं. मी दिलं नाही.

ऑपरेशन काल होतं. झालं नाही. ऐका गंमत.

सकाळी आठला जाऊन बसलो. इथेही भिंतीवर तेच हत्ती. कंत्राटच दिलेलं दिसतंय. खारूला हिरवा गाऊन घातला, दोन्ही काखांत उसवलेला. तीस वर्षं मी शिवणाचे वर्ग घेतले. पहिल्या महिन्याची मुलगीसुद्धा अशी शिवण घालत नसे, आणि हे लोक माणसांना टाके घालणार! बाकीच्या पोरांनी तर कहर केला होता. समोरच्या बाकावरचं एक पोरगं "भूक, भूक" करून आईचे केस ओढत होतं. एक मुलगी रिकामा डबा चाटत होती. आमची खारू मात्र शहाण्यासारखी बसून हत्ती मोजत होती. अकरा वाजेपर्यंत एकदा भूक म्हणून म्हणाली नाही. संस्कार.

मग आला एक लांबलचक माणूस, डोक्यावर कार्टूनची टोपी. भूलतज्ज्ञ म्हणे. भूल करण्यात तज्ज्ञ असलेले मी पुष्कळ पाहिलेत, पण तशी पाटी दारावर लावणारा हा पहिलाच. त्याने छाती ऐकली, इकडचं तिकडचं विचारलं, पोरीला आत नेलं आणि पाच मिनिटांत परत आणलं. सर्दी आहे म्हणे, आज नको. एवढा थाट मांडला, आणि अडलं कुठे, तर शेंबडाशी!

सूनबाई कॉरिडॉरमध्ये रडली. रजा फुकट गेल्याचं दुःख असेल. घरी येताना माझ्याशी एक शब्द बोलली नाही. जशी काही सर्दी मीच दिली. तुमचा भाचा तर गाडी चालवताना असा समोर बघत होता, जणू मागे बसलेली मी त्याची आई नसून सामान होते.

पुढची तारीख तीन आठवड्यांनी दिलीय. तोवर कदाचित सगळ्यांना शहाणपण येईल. उत्तराची घाई करू नका.

तुमची
वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

काय पाजलंत?

एकतीस वर्षं मी त्या दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. सर्दी बाहेरच कळते. त्यासाठी आत नेऊन पाच मिनिटांत परत आणत नाहीत. आणि साडेचार वर्षांची पोर अकरापर्यंत उपाशी, आजूबाजूची मुलं भुकेने रडताहेत, आणि ही हत्ती मोजते? संस्कारांनी पोट भरत नाही, वहिनी. दुधाने भरतं.

पोरीनेच सांगितलं असणार. त्या टोपीवाल्याने गोडीगुलाबीने विचारलं असेल आणि ती बोलून गेली असेल. म्हणजे तिचा जीव तिच्याच जिभेने वाचवला. तुम्ही बाकावर बसून लोकांच्या शिवणी बघत होतात.

वर्गातली एक सुई हरवली तर सगळ्या मुलींना थांबवून ठेवायचात तुम्ही, असं दादा सांगायचा. नातीच्या पोटात काय घातलं ते मात्र तुम्हाला सांगवत नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

नणंद


१२ मार्च

वन्सं,

तुम्हाला पुन्हा लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आजही लिहिलं नसतं. पण हॉस्पिटलात बसून आहे आणि इथे बोलायला कोणी नाही. सूनबाई आहे, पण ती माझ्याशी फक्त "सरका" एवढंच बोलते.

परवा सकाळी खारू उठली तर डावा गाल डोळ्यापर्यंत सुजलेला. डोळ्याची नुसती फट राहिली होती. अंग तापलेलं. तोंड उघडेना, पाणी गिळेना. तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं, पू गालात उतरला. तिला तशीच उचलून इथे आणली. दातांची डॉक्टर धावत आली. या वेळी हत्तीबित्तींचं कौतुक काही नाही. म्हणाली, "गेल्या तारखेला झालं असतं तर ही वेळ आली नसती." कोणाकडे बघून म्हणाली नाही, म्हणजे मलाच म्हणाली. खारूच्या हाताला सुई लावून औषध चालू आहे. हात फळीला बांधलाय, ओढू नये म्हणून. सूज उतरली की पुढच्या गुरुवारी भूल देऊन सगळं करणार.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अर्धा पेला दूध. साखर घालून. सकाळी सहा वाजता, सूनबाई आंघोळीला गेली तेव्हा.

खारू उठल्याबरोबर दूध मागते. मला वाटलं, एवढ्याशा दुधाने काय होणार आहे. डॉक्टरांचे नियम आपल्यावर वचक बसावा म्हणून असतात. तुमचं पत्र वाचलं होतं की! पण 'खाटीकखाना' वाचून इतका राग आला होता, की त्याच्या खालचं सगळं मी रागातच वाचलं आणि सोडून दिलं. पेला धुऊन पालथा घातला. खारूला म्हटलं, "आईला सांगायचं नाही हं. आपलं गुपित."

तुमचा सगळा तर्क बरोबर आहे. एक सोडून. खारू बोलली नाही.

त्या माणसाने तिला विचारलं, "सकाळी काय खाल्लं? काय प्यायलीस?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. काही नाही. साडेचार वर्षांच्या पोरीने माझ्यासाठी शब्द पाळला. मग त्याने सूनबाईला विचारलं. ती म्हणाली, "रात्री जेवल्यानंतर काही नाही. मी स्वतः पाहिलंय." त्याने लिहून घेतलं. मला कोणी विचारलं नाही, आणि मीही आपण होऊन तोंड उघडलं नाही. पोरीला उचलून आत नेलं. ते दार दोन्हीकडे झुलणारं आहे. एकदा झुललं, दोनदा झुललं, थांबलं.

वन्सं, तुमचं अक्षर इतकं वाईट आहे, की 'निळं' हा शब्द मला तीनदा वाचावा लागला होता. म्हणून असेल, पण त्या वेळी तोच एक शब्द डोळ्यांपुढे आला. मी उठले आणि ओरडले. "थांबा! दूध प्यायलीय ती! मी पाजलंय!" अख्खा कॉरिडॉर माझ्याकडे वळला. मी दार ढकलून आत घुसत होते, तर वॉर्डातल्या बाईने कमरेला विळखा घालून धरलं.

टोपीवाला बाहेर आला. मास्क हातात तसाच. वाटलं, आता हा चार लोकांत माझी लक्तरं काढणार. त्याने एवढंच विचारलं, "किती? आणि किती वाजता?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलंत ते बरं झालं, आजी." आणि खारूला आणायला आत गेला. उद्धटपणे बोलला असता तर मला आयुष्यभर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. माणसाने तेवढीही सोय ठेवली नाही.

सूनबाईने दुधाच्या पातेल्यात पाल सापडावी तसं माझ्याकडे पाहिलं. आणि मग रडली.

हे तुम्हाला लिहिलं नाही, कारण पाजल्याची लाज वाटत होती, आणि सगळ्यांसमोर ओरडल्याची त्याहून जास्त. आता म्हणा काय म्हणायचं ते.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. पहिल्या दोन्हींत तुम्हाला मनसोक्त बोलले होते. चांगली जमली होती. फाडून टाकली.

तुम्ही ओरडलात.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक पाच वर्षांची मुलगी टॉन्सिल काढायला आली होती. तिला कडेवर घेऊन मी आत नेत होते. दाराशी तिने माझ्या खांद्यावर मान टाकली, तेव्हा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात मला बिस्किटाचा चुरा दिसला. ओला होता. मी तो अंगठ्याने पुसला. आमचे सर्जन वेळ चुकली की ट्रे फेकायचे. आदल्याच दिवशी एक माझ्या अंगावर आला होता. मी मनात म्हटलं, जरासा चुराच तर आहे. तो शब्द तिथे चालत नाही असं मी तुम्हाला शिकवलं ना? मी तो चालवून बघितलाय.

ती निळी पडली. मग धावपळ झाली. सगळ्यांत चपळ मी होते. नंतर माझं कौतुकसुद्धा झालं. नवव्या दिवशी तिला नळीसकट मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तिच्या घरचा पत्ता रजिस्टरात होता आणि ते रजिस्टर रोज माझ्या हाताखालून जायचं. विचारलं नाही. पुढची सगळी वर्षं मी आयांना झापत राहिले. काय पाजलंस, मूर्ख बाई, बोल. कडक सिस्टर म्हणायचे मला. नव्या मुली मला घाबरायच्या, आणि मला ते आवडायचं.

तुमच्यावरही तेच केलं. दूध पाजलंत ते अक्षम्य आहे. त्यातला एक शब्द मागे घेत नाही. पोरीला खोटं बोलायला लावलंत ते त्याहून वाईट. पण भरल्या कॉरिडॉरमध्ये, सुनेसमोर, "मी पाजलंय" असं ओरडणं तुम्हाला जमलं. मला नाही जमलं. आणि माझ्या अंगावर तर गणवेश होता.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दादालाही नाही. सूनबाईला दाखवायचं असलं तर दाखवा.

गुरुवारी पोरीला पाणी द्या, दोन तास आधीपर्यंत. तहानेने उगाच रडेल बिचारी.

नणंद


२४ मार्च

वन्सं,

झालं. आधी तेच लिहिते, कारण तुम्ही आधी तेच शोधाल. खारू घरी आहे आणि पलंगावर उड्या मारते आहे. दोन दात काढले, चारांवर स्टीलच्या टोप्या बसवल्या, दोन भरले. हसली की घासलेल्या कुकरसारखी चमकते. दिवसभर आरशासमोर असते. दातांच्या डॉक्टरने "काय छान दात!" म्हटल्यावर पुन्हा तिच्या बोटाला चावली. आता नवीन दातांनी.

ऑपरेशनच्या दिवशी खारूला घेऊन हॉस्पिटलातच होतो, आणि तुम्ही म्हणालात तसं कुलूप घालायला तिथे स्वयंपाकघर नव्हतं. म्हणून मी पहाटे उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि सूनबाईला सांगितलं, खोलीला आतून कडी लाव. तिने लावली. क्षणभर संकोच केला नाही बाईने.

टोपीवाला म्हणाला, झोप लागेपर्यंत घरचं एक जण आत येऊ शकतं. मी भिंतीकडे बघत बसले. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही जा."

"मी?"

"मी गेले तर रडेन आणि ती घाबरेल. तुम्हाला रडू येत नाही."

अपमान आणि काम, दोन्ही एका दमात. या मुलीला मी आजवर कमी लेखत आले.

मलाही गाऊन घातला. काखेत उसवलेलाच. टोपीवाल्याने विचारलं, "आजी, आज काय?" मी म्हटलं, "पाणी. चार घोट. सव्वासात वाजता, आईच्या हातून. लिहून घ्या." त्याने खरंच लिहून घेतलं. खारूने मास्कमध्ये फुगा फुगवल्यासारखी फुंकर मारली. "आजी, वास येतो," म्हणाली आणि माझं बोट घट्ट धरलं. मग तिची पकड सैल पडली. डोळे अर्धे उघडेच. वन्सं, हे तुम्ही एकतीस वर्षं रोज बघत होतात? मला बाहेर जा म्हणाले तर आता मीच तिचं बोट सोडेना. एका सिस्टरने दंडाला धरून बाहेर काढलं. कडक होती. मी तिला काही बोलले नाही. बाहेर येऊन सूनबाईकडे पाठ करून बसले.

तुमचं पत्र तिला दाखवलं नाही. ते तुमचं आहे. तुम्हाला बरं वाटेल असं काही लिहिता येईल का, यावर दोन दिवस घालवले. नाही येत. चुरा पुसलात ते वाईट केलंत, आणि नंतर विचारलं नाहीत ते आणखी वाईट. ती मुलगी असेल तर आता सूनबाईपेक्षाही मोठी असेल. त्या हॉस्पिटलात जुनी रजिस्टरं ठेवलेली असली तर चौकशी करा. कळेल ते कळेल. एकटीने जायचं नसेल तर मी येते. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ते लोक काय म्हणतात ते कोणीतरी ऐकायला हवं.

एक सांगायचं राहिलं. शुद्धीवर येताना खारूने थयथयाट केला. असं होतं म्हणे, भुलेतून उठताना. तोंडातून लाळ, रक्त आणि कुठे शिकली कोण जाणे असल्या शिव्या. सूनबाईला लाथ, मला बुक्की. त्या गोंधळात सूनबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

मी म्हटलं, "मी मागितलेली नाही."

"बरं," ती म्हणाली, "मग हनुवटी धरा."

मी हनुवटी धरली, आणि तिने खारूचं तोंड पुसलं.

तुमची
वहिनी